सेलमध्ये घेतलेला डिझायनरचा बायस कट ड्रेस दोन साइझ मोठा आहे. बाजूने आत घेतला तर बसेल का? आणि तो कशाबरोबर घालू?

तुम्ही लिहिलंय ते असं: सिल्क सॅटिनचा, बायस कट म्हणजे कापड धाग्याला तिरपं कापून शिवलेला, खांद्यावर बारीक पट्ट्या असलेला, पोटरीपर्यंतचा ड्रेस, डाव्या बाजूला कन्सील (शिवणीत लपणारी) चेन, छातीत आणि कमरेत तीन-तीन इंच सैल. बुटीकवाला म्हणतो, "दोन्हीकडून एकेक इंच मारून देतो." घराजवळच्या ब्लाउजवालीला दाखवावा असंही मनात आहे, पण "एवढा महागाचा कपडा तिला कळेल का" ही धास्ती. ते वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. मी ब्लाउजच शिवते.

आधी त्या एकेक इंचाचा हिशेब. शिवण एक इंच आत सरकली की पुढच्या भागातला एक आणि मागच्या भागातला एक, असे दोन इंच जातात. दोन्ही बाजूंना मारली की चार. तुमच्याकडे सैल आहेत तीनच, म्हणजे ड्रेस अंगापेक्षा एक इंच लहान होणार. तीनमधला एक इंच श्वास घ्यायला ठेवला तर काढायचे उरतात दोन, म्हणजे प्रत्येक बाजूची शिवण जेमतेम अर्धा इंच आत. ज्याने हा हिशेब न करता आकडा सांगितला त्याच्याकडे ड्रेस ठेवू नका.

दुसरं म्हणजे, बायसच्या ड्रेसमध्ये बाजूची शिवण सगळ्यात शेवटून दुसरी येते. आधी खांदा, मग गळा-मुंढा, मग बाजू, आणि अगदी शेवटी खालचा घेर. हा क्रम उलटला की काय होतं ते एका ड्रेसवरून सांगते. गडद हिरवा, क्रेप-बॅक सॅटिनचा (सुलट बाजूने चकचकीत सॅटिन, उलट बाजूने क्रेप), तुमच्यासारखाच सेलचा. एक बाई तो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ड्रेस फिरतो." घातल्यावर गळ्याचं टोक पाऊण इंच उजवीकडे सरकलेलं, डाव्या कमरेपासून उजव्या काखेकडे तिरप्या सुरकुत्या आणि उजवीकडे घेर वर उचललेला. उलटा केला तर कारण समोरच दिसलं. डावीकडे चेन होती, ती उसवायचा कंटाळा म्हणून तीनही इंच एकट्या उजव्या बाजूने काढलेले. शिवण दीड इंच आत, जुनी शिवण न उसवता तशीच ठेवलेली, टाका सरळ आणि कडक, सुई भोकांवरून १६ नंबरची वाटावी इतकी जाड. कमरेपाशी दोरा तुटलेला होता, आणि तो तुटणारच होता. तिरपं कापड बसताना-उठताना लांबतं, सरळ टाक्याचा दोरा लांबत नाही.

जुनी शिवण आत ठेवण्याने काय बिघडतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सरळ कापडात फारसं काही होत नाही. बायसमध्ये मात्र आतला दाब, म्हणजे शिवणीच्या आत राहिलेलं कापड, आणि बाहेरचं कापड वेगवेगळं लोंबतं. जुन्या टाक्याने आतला दाब आवळून धरला की बाहेरची शिवण गोळा होते आणि कितीही इस्त्री करा, सपाट बसत नाही.

तो ड्रेस सरळ करायला दोन्ही शिवणी उसवल्या, पट्ट्या मागून सोडल्या आणि कापड रात्रभर लटकवून मूळ जागी येऊ दिलं. भोकांच्या रेघेवर उलट बाजूने, इस्त्री वर अधांतरी धरून हलकी वाफ दिली आणि नखाच्या पाठीने उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने घासलं. तिरपं घासलं तर कापड ताणून रेघ आणखी उठते. क्रेपच्या बाजूने भोकं मिटली. सॅटिनच्या बाजूने फिकट रेघ राहिली ती राहिलीच. नशिबाने ती काखेखाली आहे, हात खाली सोडला की झाकते. "मारून बघू, नाही बसलं तर उसवू" हे सॅटिनला चालत नाही ते यासाठी. सुई एकदाच घालायची, आणि त्याआधीचं सगळं हाताच्या कच्च्या टाक्यावर करायचं.

आता तुमचा ड्रेस. दुकानात हंगामभर हँगरला लटकलेला बायसचा ड्रेस एका बाजूने ओघळलेला असू शकतो. म्हणून आधी टेबलावर पसरून दोन्ही पट्ट्या आणि दोन्ही बाजूच्या शिवणी काखेपासून खालपर्यंत मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर तो लिहून ठेवा, नंतर घेर कापताना लागेल. उलटा करून दाब किती आहे, फ्रेंच शिवण (कच्च्या कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण) आहे का, हेही बघा. परत करण्याची मुदत असेल तर हे सगळं त्या आतच बघायचं, कारण एक टाका उसवला की दुकान तो परत घेणार नाही.

मग ड्रेस सुलट बाजूनेच घाला. आतले कपडे आणि चप्पल-बूट जे प्रत्यक्षात घालणार तेच. उलटा घालून टाचण्या लावल्या की तुमचा डावा खांदा ड्रेसच्या उजव्या बाजूला जातो, आणि दोन खांदे कुणाचेच अगदी सारखे नसतात. पट्ट्या मागच्या टोकाला चिमटीत धरून वर घ्या. पुढच्या टोकाला हात लावायचा नाही, तिथला कोन गळ्याच्या आकारावर बेतलेला असतो. अर्धा ते पाऊण इंच वर घेतल्याबरोबर छातीचा भाग जागेवर येतो, काखेतली फुगवटी कमी होते, कमर कमरेवर बसते. कित्येकदा मोठा वाटणारा ड्रेस एका साइझनेच मोठा होता हे इथे कळतं. थांबायचं कुठे? काखेखाली साधारण एक इंच मोकळा राहील तिथे.

गळ्याची कड लोंबत असेल तर तिला चुण्या घालू नका. ऑर्गंझाची (पातळ, पारदर्शक पण कडक कापडाची) पाव इंच रुंद सरळ पट्टी घ्या, गळ्याच्या कडेपेक्षा प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर कमी लांबीची, आणि आतून हाताने, कडेची जास्तीची लांबी चुणी न पडू देता तिच्यात जिरवत लावा. बाहेरून काहीच दिसत नाही आणि गळा अंगाला लागतो.

त्यानंतर बाजू. दोन्हीकडे सारखं, काखेपासून अर्धा इंच, कमरेपर्यंत तेवढंच, आणि तिथून सीटच्या खाली मांडीपर्यंत हळूहळू शून्यावर. एकदम शून्यावर आणलं तर सीटपाशी टोक उभं राहतं. खालपर्यंत अर्धा इंच तसाच नेला तर घेर मरतो आणि चालताना गुडघ्याला कापड अडकतं. सीटवर निदान दीड-दोन इंच सैल सोडा, म्हणजे पोटावर कापड चिकटणार नाही. खुणा खडूने करू नका, मेणाचा खडू तर अजिबात नको, सिल्कवर त्याचा तेलकट डाग राहतो. रेशमी दोऱ्याने धावदोरा घाला. टाचण्या लावायच्याच तर बारीक, आणि दाबाच्या आतच.

मशीनवर सुई ९ नंबरची, नवी. दोरा बारीक पॉलिएस्टरचा. पायाचा दाब कमी करायचा, खाली पांढरा पतंगाचा कागद घालायचा, शिवण वरून खाली न्यायची, दोन्ही बाजूंना हीच दिशा. झिगझॅग असेल तर रुंदी अर्धा मिलिमीटर आणि लांबी अडीच, इतका बारीक की डोळ्याला सरळच वाटेल पण कापडाबरोबर लांबेल. नुसत्या सरळ टाक्याचं मशीन असेल तर कापड किंचित ताणून धरत शिवायचं. नंतर जुनी शिवण पूर्ण उसवायची. उरलेला दाब कापू नका, एक इंचापर्यंत खुशाल राहू द्या. तिरप्या कडेचे धागे फारसे सुटत नाहीत, इंटरलॉक केली की उलट कडक होते आणि इस्त्री केल्यावर बाहेरून रेघ उमटते.

चेनच्या बाजूला खरं काम आहे. चेन पूर्ण काढायची, दोन्ही कडांना उलट बाजूने ऑर्गंझाची सरळ पट्टी लावायची आणि चेन हाताने, मागे टाका घेत बसवायची. तिरपी कड चेनपेक्षा लांब झालेली असते. ती चेनच्या लांबीत जिरवावी लागते, नाहीतर चेन लाटांसारखी उभी राहते. हे न करता ज्याला ड्रेस लहान करायचाय तो एका बाजूनेच मारणार, आणि मग तुमचाही ड्रेस फिरणार.

आता ब्लाउजवालीबद्दल. "डिझायनर कपडा तिकडे देऊ नका" हे मी बुटीकवाल्यांकडून इतकी वर्षं ऐकते आहे की आज लिहूनच टाकते. कटोरी ब्लाउजची कटोरी तिरप्या कापडाची घेतात, म्हणून ती छातीवर बसते. ती तिरपी, गोल कड सरळ कापलेल्या पट्टीला न ताणता जोडायची, एकही चुणी न पडू देता, तीही पैठणीच्या उरलेल्या पाऊण मीटरमध्ये, जिथे दुसऱ्यांदा कापायला कापड नसतं. चेनला बायसची कड बसवायची ती याच हाताने. १९२० च्या दशकात पॅरिसच्या मादलेन व्हिओने हिने अख्खे ड्रेस तिरपे कापून नाव कमावलं. ती लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड लावून, ते खांद्यावरून कसं लोंबतंय हे बघून काम करायची. चांगली ब्लाउजवालीही खांदा पकडूनच माप घ्यायला सुरुवात करते. शर्ट-पँट शिवणाऱ्या मास्तरांचा हात सरळ कापडावर बसलेला असतो. त्यांच्या सुटाला मी हात लावणार नाही आणि त्यांनी बायसला लावू नये.

आणि "सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाला, मग ऑल्टरेशनला एवढे कशाला" हेही पटत नाही. सवलत दुकानाने दिली, कापड आणि कट तोच आहे. वरचं सगळं काम दोन दिवस खातं, त्याचे पैसे होतात.

अर्थात सगळ्याच ब्लाउजवाल्या सारख्या नाहीत. ड्रेस देण्याआधी एकच विचारा: "चेनच्या बाजूचं काय करणार?" "चेनला हात लावायची गरज नाही" असं उत्तर आलं तर ड्रेस उचलून परत या, मग ती बाई असो की बुटीक.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हे सगळं बायसचं आहे. ड्रेस उभा धरून खाली हलका ओढा, रबरासारखा लांबला तर बायस. लांबला नाही तर कापड सरळ आहे आणि बाजूची शिवण हा सोपा उपाय चालतो, पट्ट्या मात्र तरीही आधी. अस्तर असेल तर तेही घ्यायचं, पण बाहेरच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी, म्हणजे ताण अस्तरावर येणार नाही. एकूण चार इंचांच्या वर काढायचे असतील तर ऑल्टरेशन म्हणू नका, ड्रेस पूर्ण उसवून नव्याने कापावा लागतो. तसा ड्रेस सेलमध्ये कितीही स्वस्त दिसला तरी न घेतलेला बरा.

घेर शेवटी. बाजू आत घेतल्यावर कापड अंगावर थोडं आखडतं आणि लांबी वर जाते, म्हणून आधी कापलेला घेर नंतर तोकडा पडतो. निदान २४ तास लटकवा, मग घालून, जमिनीपासून पट्टीने मोजत गोल खुणा करा. "पिको करून देतो" म्हणतील, नको म्हणा. तिरप्या सॅटिनला पिको केला की कड ताणते आणि झालरीसारखी वळते. पाव इंचाची हाताने वळलेली तुरपाई करून घ्या.

कशाबरोबर घालायचा? पट्टा बांधू नका, बायसची सगळी किंमत त्याच्या लोंबण्यात आहे. वर कमरेशी संपणारं छोटं जॅकेट, नाहीतर थेट गुडघ्याखाली जाणारा उघडा सुती कोट. मधल्या उंचीचं काहीही घातलं की सीटवर आडवी रेघ पडते. लग्नकार्याला हिमरू शाल एका खांद्यावरून सोडा, टाचणी न लावता. खोल गळ्यावर तन्मणी छान दिसतो, टोचरे कोपरे असलेला दागिना आणि जरीची पर्स मात्र सॅटिनचे धागे ओढतात. अत्तर ड्रेस घालायच्या आधी. पावसात नेऊ नका, सिल्क सॅटिनवर थेंबाची कडा सुकल्यावरही दिसते. इस्त्री उलट बाजूने, मलमलचं फडकं टाकून, दाबून उचलायची, घासत न्यायची नाही. आणि कपाटात लटकवू नका: मलमलमध्ये सैल घडी घालून आडवा ठेवा, नाहीतर नीट मोजून केलेला घेर सहा महिन्यांत पुन्हा वाकडा होईल.