वाचकांचे प्रश्न : अनुभव गाठीशी आहे, शहाणपण का नाही?

प्रश्न : वय ५४. नोकरी, संसार, आजारपणं सगळं पाहून झालं. तरी माणसं ओळखण्यात आणि पैशांच्या व्यवहारात मी त्याच त्या चुका करतो. वयाबरोबर शहाणपण येतं म्हणतात, मग माझं कुठे अडतंय?

उत्तर : नुसत्या वयाने ते येत नाही. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून लोकांपुढे आयुष्यातले अवघड पेच ठेवून त्यांची उत्तरं तपासली. पंचविशी ते पंचाहत्तरी या टप्प्यात वय आणि उत्तरांमधली समज यांचा फारसा संबंध दिसला नाही.

अनुभवातून शिकायचं तर आधी काय वाटलं होतं आणि पुढे काय घडलं, हे दोन्ही समोर लागतं. यातलं पहिलं आपण विसरतो. निकाल कळला की ‘मला हे आधीच वाटत होतं’ असं प्रामाणिकपणे वाटू लागतं. बारूक फिशहॉफ यांनी १९७५मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं. जी चूक झाल्याचं आठवतच नाही, ती सुधारणार कशी?

म्हणून निर्णयांची वही ठेवा. महिन्याला दोन-तीनच नोंदी, पण निकाल लागायच्या आत. निर्णय एका वाक्यात, नाकारलेला पर्याय, कधीपर्यंत काय होईल याचा अंदाज, त्याची टक्क्यांत खात्री, आणि त्या वेळची मनःस्थिती. उदाहरणार्थ : ‘मित्राला उसने पैसे देतोय. सहा महिन्यांत परत येतील, खात्री ८० टक्के. खरं कारण, नाही म्हणवत नाही. काल झोप चार तास.’ खाली वही पुन्हा उघडायची तारीख टाका.

त्या दिवशी पान वाचण्याआधी, तेव्हा काय वाटलं होतं ते आठवून वेगळ्या कागदावर लिहा, मग पान उघडा. दोन्हींतला फरक बहुतेकांना हादरवतो. निर्णय आणि निकाल मात्र वेगवेगळे तपासा. नीट विचार करून घेतलेला निर्णयही नशिबाने फसतो आणि बेफिकिरी कधीकधी खपून जाते. पंधरा-वीस नोंदी झाल्या की ८० टक्के खात्रीच्या किती खऱ्या ठरल्या ते मोजा. निम्म्याच ठरल्या असतील, तर तुमच्या ‘नक्की’ची किंमत तुम्हाला कळली. घाईतले, रागातले, भिडेपोटी घेतलेले निर्णयही वेगळे दिसू लागतात. तुमच्या चुकांचं मूळ बहुधा तिथेच सापडेल.

‘बघू, जमेल’ अशी मोघम नोंद निरुपयोगी, कारण ती कधीच खोटी ठरत नाही. आणि ही वही कुणाला दाखवायची नाही. दाखवायची म्हटलं की लिहिणारा सजवून लिहितो.

प्रश्न : आत्मपरीक्षण करायला बसले की जुन्या गोष्टी उगाळत राहते आणि उदास होते. माझी पद्धत चुकतेय का?

उत्तर : पद्धतच चुकतेय, तुम्ही नाही. ‘मी अशी का?’ हा प्रश्न मनाला एकाच जागी फिरवत ठेवतो. त्याऐवजी ‘नेमकं काय झालं, मी काय बोलले, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करीन?’ असं विचारा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, तेही लिहून. झोपण्याआधी नको.

प्रसंग स्वतःचं नाव घेऊन, तिऱ्हाइताचा असावा तसा लिहा : ‘तिला राग आला, कारण...’ इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांच्या २०१४च्या अभ्यासात जोडीदाराने फसवल्याच्या प्रसंगावर लोकांनी मित्राच्या बाबतीत अधिक समंजस विचार केला, स्वतःच्या बाबतीत कमी. स्वतःकडे असं लांबून पाहायला लावल्यावर हा फरक उरला नाही. दुसऱ्याला सल्ला देताना जी समज आपल्याकडे असते, तीच स्वतःसाठी वापरायची आहे.

उदासी दोन आठवडे रोज राहिली, झोप-भूक बिघडली, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार आले तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न : माझ्यातले दोष घरच्यांना विचारावेत का?

उत्तर : जरूर, पण ‘मी कसा आहे?’ असं नको. त्यावर गोडच उत्तर मिळतं. ‘गेल्या महिन्यात मी तुझं बोलणं कधी तोडलं?’ असं विचारा. उत्तर आलं की खुलासा करू नका, फक्त ‘अजून एखादी वेळ सांग’ म्हणा. पहिल्याच वेळी वाद घातलात, तर पुन्हा खरं कुणी सांगणार नाही.