चिखलाशी वैर धरून भाताचं संशोधन होत नाही

प्रिय विद्यार्थिनी,

"मला कृषी जैवतंत्रज्ञान शिकून गरीब देशांच्या अन्नसुरक्षेसाठी काम करायचंय, पण शेतात नाही, लॅबमध्ये. मग बायोटेकची पदवी घेऊ की कृषीची?" असं तू विचारलं आहेस. बाबांना नोकरीची चिंता आहे, हेही कळवलंस. तुझ्या वाक्यातला तो 'पण' मला खटकला, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

एक उदाहरण घे. एफआर 13 ए हे ओडिशातलं भाताचं जुनं वाण. एरवी भात पूर्ण बुडाला की पाण्याबाहेर डोकं काढायला उंच वाढत सुटतो, साठवलेली ताकद त्यातच संपवतो आणि आठवड्याभरात मान टाकतो. हे वाण मात्र गप्प बसतं, ताकद राखतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा फुटतं. हा गुण दुसऱ्या वाणांत आणायचे प्रयत्न बरीच वर्षं झाले. अडचण अशी की संकर केला की नको असलेले गुणही सोबत यायचे. कमी पिकणारं वाण शेतकरी का लावील? पुढे 2006 मध्ये या गुणामागचं सब-1ए हे जनुक प्रसिद्ध झालं. मार्करच्या, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणेच्या मदतीने गुणसूत्राचा नेमका तेवढाच तुकडा 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात आणला गेला आणि 2009 मध्ये स्वर्णा-सब 1 भारतात प्रसारित झालं. दोन आठवड्यांपर्यंत बुडूनही ते तगतं. आणि हा जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत थेट जनुक घालून बदललेला भात नव्हे, साधा संकरच आहे. जीएमच्या भांडणात अशी उदाहरणं मागे पडतात.

जनुक लॅबमध्ये सापडलं हे खरं. पण बुडालेल्यांपैकी किती रोपं जगली, हे वाफ्यात उतरूनच मोजावं लागतं. तो तुकडा स्वर्णातच का घालायचा, याचं उत्तरही शेतकऱ्याकडे होतं. ज्याला पीक कळत नाही, त्याला कोणतं जनुक शोधायचं हेच कळत नाही.

म्हणून माझा कौल कृषीच्या पदवीला. त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण वनस्पती पैदासशास्त्रात, म्हणजे नवी वाणं तयार करण्याच्या शास्त्रात, किंवा रेण्वीय जीवशास्त्रात घे. नुसत्या बायोटेकच्या पदवीवर संशोधनाची नोकरी मिळणं अवघड असतं; स्वतःचं संशोधन करायचं तर पीएचडीपर्यंतची तयारी हवी. बाबांना हे आत्ताच सांग, नंतर नको. पैदासकाराला बियाणे कंपन्या, ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, बीजपरीक्षण अशी इतर दारंही उघडी असतात.

वादविवाद आवडत असेल तर जैवसुरक्षा नियमन, म्हणजे जीएम पिकांची सुरक्षितता तपासून परवानगी ठरवण्याचं काम, हे क्षेत्रही बघ. अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला बनवलेल्या गोल्डन राइस या जीएम भाताचा शोध 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, फिलिपिन्सने व्यावसायिक लागवडीला परवानगी दिली 2021 मध्ये, आणि 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रोखली. मधली एकवीस वर्षं काही फक्त लॅबमध्ये गेली नाहीत. चाचण्या, कागदपत्रं, लोकांचा अविश्वास, सगळं त्यात आलं. ही कामं जाणणारी माणसं कमीच.

आणि हो, धान्य पिकलं म्हणजे भूक मिटली असं नाही. विकत घ्यायची ऐपत नसली तर भरलेल्या कोठाराशेजारीही माणूस उपाशी राहतो. ते काम जनुकाचं नव्हे, तेव्हा सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस.

कोडिंग शिकू का, असं तू शेवटी विचारलंस. शीक, पण त्याआधी संख्याशास्त्र पक्कं कर. प्रयोगाची मांडणीच चुकली तर संगणक चुकीचंच उत्तर देतो, फक्त लवकर देतो.