वाचकांचे प्रश्न : रक्तदानाने हृदयविकार टळतो का?

प्रश्न : मी 38 वर्षांचा असून गेली सहा वर्षे दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो. त्यामुळे ‘जुने रक्त जाऊन नवे येते’ आणि हृदयविकार टळतो, असे शिबिरांत ऐकतो. हे खरे आहे का? पत्नीनेही याच अंतराने रक्त द्यावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि शरीर रोजच नव्या पेशी घडवत असते, त्यासाठी सुई टोचून घेण्याची गरज नसते. हृदयविकाराचे म्हणाल, तर शरीरातील जादा लोह रक्तवाहिन्यांना अपायकारक ठरत असावे या तर्कातून ती समजूत आली आणि काही पाहण्यांत रक्तदात्यांना हा विकार कमी झाल्याचे आढळलेही. परंतु रक्तपेढी दाता घेते तोच मुळी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि आजारांची चौकशी करून. अशा चाळून घेतलेल्या माणसांच्या निरोगीपणाचे श्रेय रक्तदानाला देणे मला तरी पटत नाही. हिमोक्रोमॅटोसिस या लोहसंचयाच्या आनुवंशिक विकारात रक्त काढणे हा खरोखरच उपचार असतो, पण ती गोष्ट निराळी.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती लोहाचीच. 450 मिलिलिटर रक्तातून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जाते, तर आहारातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागते आणि त्यातलेही बरेचसे रोजची झीज भरून काढण्यात खर्ची पडते. इंग्लंडमध्ये सुमारे 45,000 दात्यांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन दानांतील अंतर कमी केल्यावर लोहाची कमतरता, थकवा, चक्कर या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. शिबिरात तपासतात ते हिमोग्लोबिन. ते पुरेसे असूनही लोहाचा साठा रिता झालेला असू शकतो. म्हणून वर्षातून एकदा फेरिटिन (हा साठा किती आहे ते दाखवणारे रक्तातील प्रथिन) तपासून घ्या आणि ते कमी निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ थांबा. जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, कारण त्याने लोहाचे शोषण घटते.

पत्नीसाठी मात्र तुमचे वेळापत्रक चालणार नाही. आपल्याकडील नियमांनुसार पुरुषांना 90, तर स्त्रियांना 120 दिवसांचे अंतर लागते. हिमोग्लोबिन किमान 12.5 हवे, ते अनेक स्त्रियांचे नसते, तेव्हा परत पाठवले तर त्यांनी खट्टू होऊ नये. वजन किमान 45 किलो असावे आणि ते 55 पेक्षा कमी असल्यास 350 मिलिलिटरचीच पिशवी भरली जाते.

एचआयव्ही, कावीळ ब व क, सिफिलिस हा गुप्तरोग, हिवताप यांच्या तपासण्या रक्तपेढीत होतात, हे खरे. पण संसर्गाची शंका असताना केवळ तपासणीसाठी रक्त देऊ नये, कारण सुरुवातीच्या दिवसांत संसर्ग चाचणीत न सापडता रुग्णापर्यंत पोहोचू शकतो.