वाचक विचारतात : पावसाळ्यात भिजलेले दिवाळी अंक

प्रश्न : खानापूरच्या पावसात कपाटामागची भिंत पाझरली. जुने दिवाळी अंक ओलावले, पिना गंजल्या, काही रंगीत चित्रांची पानं एकमेकांना चिकटली. सेलोटेप लावून लॅमिनेशन करावं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दोन्ही नको. टेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन परत निघत नाही.

गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. तो ओला होऊन वाळला की पानांची वीटच होते. म्हणून अंक ओला असतानाच प्रत्येक पान सोडवून मध्ये बटर पेपर घाला. वाळून चिकटलेली पानं ओढू नका, चित्राचा रंगच उचलला जाईल. उन्हातही नको, पंख्याखाली वाळवा.

गंजलेल्या पिना आतून सरळ करून काढा आणि त्याच घडीवर तीन भोकं पाडून सुती दोऱ्याने शिवा. फाटलेल्या पानाला मैद्याची खळ लावा : एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत घट्ट करून गाळा. खळ टिकावी म्हणून बाइंडर मंडळी तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी, शिवाय कागदालाही बाधतं. त्यापेक्षा रोज ताजी करा. ठिगळाचा पातळ नेपाळी कागद कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

बुरशी पूर्ण सुकल्यावरच, मास्क लावून, अंगणात मऊ ब्रशने झाडा. डांबरगोळ्यांच्या भरवशावर राहू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.