अदलाबदलीत जुनी रायफल घेताना

तुझा मेसेज वाचला, फोटोही बघितले. तुझी रायफल आणि वर थोडे पैसे देऊन समोरच्या माणसाची जुनी रायफल घ्यायची, हे बरोबर पडतंय का असा तुझा प्रश्न. फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही, कारण रायफलची निम्मी किंमत नळीच्या आत असते आणि ती जागा कुणी फोटोत दाखवत नाही. पण हिशोब कसा करायचा ते सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की धर. दोन्ही रायफल एकाच मापाने मोजायच्या. अदलाबदलीत फसवणूक होते ती बहुतेक इथेच, समोरचा स्वतःची रायफल नवीन घेतली तेव्हाच्या भावाने लावतो, त्यात स्कोपचे पैसे, पट्ट्याचे पैसे, बॅगचे पैसे सगळं मिळवतो आणि तुझी मात्र दुकानदार विकत घेताना जो भाव देईल त्या भावाने लावतो. दुकानदार कमी देतो ते ठीक आहे, त्याला पुढे विकून चार पैसे मिळवायचेत, पण दोन माणसं आपसात अदलाबदल करतायत तर मधे तो भाव कशाला? एकतर दोन्ही विक्रीच्या भावाने धरा नाहीतर दोन्ही दुकानदाराच्या भावाने. म्हणजे समज तुझी शंभरची आणि त्याची एकशेवीसची, तर वर वीस. त्याने तुझी सत्तरची धरली की वरचे थेट पन्नास होतात. आणि भाव बघताना जाहिरातीतला आकडा बघू नकोस, तो फक्त मागितलेला भाव. तेच मॉडेल, तेच कॅलिबर (नळीचं आणि काडतुसाचं माप), तशीच कंडिशन असलेली रायफल प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते शोध, लिलावांच्या निकालात ते सापडतं.

आता रायफल बघायची कशी. हातात घेतली की मॅगझिन काढ, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघड, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्याने बघ आणि बोट घालूनही बघ, तो कितीही म्हणाला रिकामी आहे तरी. मग बोल्ट काढून मागून नळीत उजेड टाकून बघ. त्याआधी कापडाचे एक-दोन कोरडे पॅच फिरवायला लाव, तेलाने भरलेली नळी सगळं लपवते. रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या, कडा धारदार दिसायला हव्यात. काळे खड्डे दिसले तर तो गंज आहे, घासून जाणार नाही. जुन्या लष्करी रायफलमध्ये हे फार दिसतं कारण त्या काळच्या बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी ठिणगी देणारा भाग) नळीत क्षार उरायचे, ते हवेतला ओलावा ओढायचे आणि पाण्याने धुतलं नाही की नळी खायची. आणि चेंबरच्या लगेच पुढचा भाग, ज्याला थ्रोट म्हणतात, तो नीट बघ, नळी आधी तिथे झिजते. ही झीज कॅलिबरवर फार अवलंबून असते, .२२ एलआरची नळी वर्षानुवर्षं चालते, .३०८ विंचेस्टर हजारो राउंड आरामात काढते, पण .२६४ विंचेस्टर मॅग्नमसारखं गरम, म्हणजे जास्त दारूचं, काडतूस असेल तर हजार-दीड हजारातच थ्रोट गेलेलं असू शकतं. म्हणून "किती राउंड झाले" हे विचार, पण उत्तरापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेव. नळीचं तोंडही बघ, पुढून क्लीनिंग रॉड घालायची सवय असलेल्या माणसाने तिथली कड झिजवलेली असते आणि मग नेम पसरतो.

लाकूड टँगच्या (बोल्टमागच्या धातूच्या शेपटीच्या) मागे आणि दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताने धरतो त्या बारीक भागापाशी, तडकतं, तिथे नख फिरव. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलीये, मग आत काय केलंय ते विचार. सेफ्टी लावून रिकाम्या रायफलचं ट्रिगर दाब, सोड, मग सेफ्टी काढ, त्या क्षणी फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) पडली तर ती रायफल कुठल्याही भावाला नको. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) नंबरशी जुळतो का बघ. लष्करी माउझर किंवा ली-एनफिल्डमध्ये नंबर जुळणं म्हणजे भाव वाढणं तर आहेच, पण बदललेला बोल्ट असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर, बिघडलेली असू शकते आणि ते जिवावरचं काम आहे, त्यामुळे बंदुकीच्या कारागिराकडून गेजने तपासून घेतल्याशिवाय झाडायची नाही. तो खर्च भावातून वजा करायचा, हे निःसंकोच सांग.

जुनी आहे म्हणून महाग, हे सरसकट खरं नाही. विंचेस्टर मॉडेल ७० चं बघ, १९३६ साली आलेली, १९६४ मध्ये कंपनीने बनवायचा खर्च कमी करायला डिझाइन बदललं, काडतूस पकडून बाहेर ओढणारा मोठा क्लॉ एक्स्ट्रॅक्टर गेला, म्हणून त्याआधीच्यांना जास्त मागणी. पण त्यातल्याच एखादीला कुणी नवीन ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) केलं, स्कोपसाठी जादा भोकं पाडली, दस्ता कापला, तर संग्राहकाच्या दृष्टीने ती उतरली. शिकारीला किंवा नेमबाजीला ती तितकीच चांगली चालेल, फक्त त्याने संग्राहकाचा भाव मागू नये आणि तू देऊ नये. लष्करी रायफल कापून शिकारीची केलेल्या असतात त्यांचंही असंच. मला स्वतःला मूळ, थोडी घासलेली पण हात न लावलेली रायफल नव्याने चमकवलेल्यापेक्षा कधीही बरी वाटते.

स्कोप, बायपॉड (दोन पायांचा टेकू) वगैरे शेवटी मोज आणि वेगळं मोज. वापरलेला स्कोप नव्याच्या निम्म्याला गेला तरी पुष्कळ, आणि तुला नकोच असेल तर सांग की काढून ठेव आणि तेवढे कमी कर. लोक इथे चटकन मऊ होतात.

सौदा ठरलाच तर परवाना, ट्रान्सफर, नोंद, जो काही कायदा तुमच्याकडे आहे तो हातात रायफल येण्याआधी पूर्ण कर, नंबर लिहिलेली सही केलेली पावती दोघांकडे राहू दे. नंबर चोरीच्या यादीत नाही ना हेही बघून घे, खोडलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिर.

आता तू असं कर, त्याला नळी साफ करून दाखवायला सांग आणि नळीचं तोंड, बोल्टचा पुढचा भाग आणि टँगच्या मागचं लाकूड असे तीन फोटो उजेडात काढून पाठव. ते बघितलं की वर किती द्यायचे त्यावर बोलू.