पोलीस खात्यातल्या वर्दी नसलेल्या कर्मचाऱ्यांना बरोबरीचा मान कसा द्यावा?

नव्या साहेबांनी आधी एवढं करावं: काम ज्यानं केलं त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यावं आणि बैठकीत लिपिकांनाही खुर्ची द्यावी. मी इंदूरला पोलीस कार्यालयात लिपिक आहे, म्हणून सांगते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीचा, बंदोबस्त लोकांना रस्त्यावर दिसतो. पण कुठल्या चौकात कोण उभं राहणार, तो ड्यूटी चार्ट आमच्या टेबलावर रात्री उशिरापर्यंत चार-चार वेळा बदलतो. दुसऱ्या दिवशी शाबासकी फक्त वर्दीला मिळाली की मन फार खट्टू होतं. आणि ‘ए बाबू’ अशी हाक बंद करा, आडनावापुढे ‘जी’ लावा. पगार-भत्त्यांचे नियम मात्र भोपाळहून येतात, त्याबद्दल आश्वासन देऊ नका.