वडील सही देत नाहीत, मुलाच्या अमेरिकी पासपोर्टचं काय?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत जन्मला, आता आठ वर्षांचा आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगा माझ्याकडे आहे. त्याच्या अमेरिकी पासपोर्टची मुदत संपली. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड आहे. वडील अमेरिकेत असतात, सही देत नाहीत. त्याचं नागरिकत्व जाईल का? नातेवाईक म्हणतात, सरळ भारतीय पासपोर्ट काढून टाक.

उत्तर : नागरिकत्व जात नाही, आधी ही धास्ती सोडा. अमेरिकेच्या भूमीवर जन्मल्यामुळे तो त्या देशाचा नागरिक आहे. पासपोर्ट संपल्याने किंवा तुमच्या घटस्फोटाने त्यात फरक पडत नाही. न्यू जर्सीचा जन्मदाखला हा त्याचा मूळ पुरावा. मूळ प्रत सापडत नसेल तर आई म्हणून तुम्ही तिथल्या नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवू शकता, वडिलांना विचारायची गरज नाही.

नातेवाइकांचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर भारतीय वकिलातीत जन्म नोंदवावा लागतो आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. तुमच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट काढलेला आहे, तेव्हा असं लिहून देता येणार नाही. आधार कार्ड हाती आहे म्हणून कोणी भारतीय ठरत नाही. अमेरिकी पासपोर्ट लपवून अर्ज केलात, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा होतो, आणि तो तुमच्या अंगावर येईल.

खरी अडचण तुमच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. एकट्या पालकाला अर्ज करायचा तर एकट्याच्या कायदेशीर ताब्याचा, म्हणजे मुलाबद्दलचे निर्णय एकट्याने घेण्याच्या हक्काचा, न्यायालयीन आदेश दाखवावा लागतो. आपल्याकडच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अटींत बहुधा एवढंच असतं : ‘मुलाचा ताबा आईकडे राहील, वडील त्याला भेटू शकतील.’ पासपोर्टबद्दल अवाक्षर नाही. घाईघाईने झालेल्या समझोत्यांत पासपोर्टचं वाक्य राहून जातं आणि पुढे वर्षानुवर्षं आई कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते. तुमची प्रत काढून ताब्याचं कलम आजच वाचा.

वाक्य मोघम असेल तर त्याच न्यायालयात अर्ज करा. विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला असेल, तर कलम २६ नुसार हुकूमनाम्यानंतरही मुलाबद्दल आदेश मागता येतो. मागणी नेमकी लिहा : मुलाचा कायदेशीर ताबा एकट्या आईकडे असून पासपोर्ट आणि ओसीआयसाठी ती वडिलांच्या सहीशिवाय अर्ज करू शकेल. वडिलांना नोटीस जाईल. कित्येकदा नोटीस हातात पडताच सही येते. तसं झालं तर त्यांनी डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून, ओळखपत्राच्या प्रतीसह पाठवायचा. दुसऱ्या पालकाची संमती मिळवणं शक्यच नसेल, तेव्हासाठी डीएस-५५२५ नावाचा विशेष परिस्थितीचा फॉर्मही आहे, पण वडिलांचा ठावठिकाणा माहीत असताना केवळ त्यावर विसंबू नका.

आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की डीएस-११ हा पासपोर्टचा अर्ज भरून मुलाला घेऊन मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत जा. नवा पासपोर्ट आल्यावर तीन महिन्यांत त्याची प्रत आणि मुलाचा ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवा. त्याला शुल्क नाही.